स्वस्त शाळेची किंमत कोण मोजते?

‘मुलगी शिकली, प्रगती झाली’ ही घोषणा आपल्याला पाठ आहे. एसटी स्टँडवर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, शाळेच्या फाटकावर ती रंगवलेली असते. चळवळीतल्या बाईला ती वाचून बरेही वाटते. पण या घोषणेला एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. मुलगी शिकावी म्हणून पैसा कोणी घालायचा? शासनाने, की तिच्या आईने?

हा प्रश्न आपल्या गावापुरता नाही. गेली चाळीस वर्षे आफ्रिकेतल्या गरीब देशांत याच प्रश्नावरून झगडा चालू आहे. तिथे काय घडले ते आपण नीट समजून घेतले पाहिजे, कारण तिथली धोरणे ज्यांनी ठरवली त्याच संस्था आपल्याकडेही आल्या आणि तिथली भाषा आपल्या शासनाच्या परिपत्रकांत उतरली.

१९९२ साली जागतिक बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ लॉरेन्स समर्स यांनी इस्लामाबादेत एक व्याख्यान दिले. विकसनशील देशांत मुलींच्या शिक्षणावर केलेल्या गुंतवणुकीचा परतावा बहुधा सर्वांत जास्त असतो, असे त्यांचे सांगणे होते. शिकलेल्या बाईला मुले कमी होतात, तिची मुले जगतात, घराचे उत्पन्न वाढते, असा तो हिशेब. जगभरच्या संस्थांनी तो उचलून धरला. पण त्याच वर्षांत हीच बँक आणि तिची जोडीदार आंतरराष्ट्रीय नाणेनिधी गरीब देशांच्या सरकारांना बजावत होत्या की खर्च आवरा, सेवांना फी लावा, नोकरभरती थांबवा. एका हाताने मुलीची पाठ थोपटायची आणि दुसऱ्या हाताने तिच्या शाळेचे दार लोटायचे!

माझे म्हणणे थोडक्यात असे. जागतिकीकरणाच्या धोरणांनी गरीब देशांतले शिक्षण कमी खर्चाचे केले, कार्यक्षम केले, असे जे सांगितले जाते ते खोटे आहे. शाळा चालवायला जेवढे कष्ट आणि जेवढा पैसा लागतो तेवढा लागतोच. शासनाच्या खात्यातला तो खर्च काढून बाईच्या खात्यावर मांडला गेला आहे. आई, मुलगी आणि शिक्षिका या तिघी मिळून तो भरतात.

कर्ज सरकारचे, हप्ता घराघरात

आधी थोडा इतिहास. १९६० च्या दशकात स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशांनी शाळा हे नव्या राष्ट्राचे पहिले काम मानले होते. टांझानियात ज्युलियस न्येरेरे यांनी १९६७ मध्ये ‘स्वावलंबनासाठी शिक्षण’ हे धोरण मांडले. पुढच्या दशकात तिथे प्राथमिक शाळेची फी रद्द झाली, गावोगाव शाळा निघाल्या, प्रौढ साक्षरतेचे वर्ग चालले. १९८० च्या सुमारास त्या अत्यंत गरीब देशात प्राथमिक शाळेचा पट ९० टक्क्यांच्या वर गेला होता.

मग कर्जाचा फास बसला. तेल महाग झाले. अमेरिकेने व्याजदर वाढवले. कॉफी, कापूस, तांबे अशा ज्या मालावर हे देश जगत होते त्याचे भाव कोसळले. कर्ज फेडायला नवे कर्ज, आणि नव्या कर्जाला अटी. या अटींचे नाव होते संरचनात्मक समायोजन कार्यक्रम. आपण १९९१ मध्ये ज्याला नवे आर्थिक धोरण म्हणू लागलो, त्याची ही आफ्रिकेतली थोरली बहीण.

१९८६ मध्ये जागतिक बँकेने विकसनशील देशांतल्या शिक्षणाच्या अर्थव्यवस्थेवर एक धोरणपत्र काढले. लोकांकडून खर्च वसूल करा, खाजगी आणि लोकवर्गणीच्या शाळांना वाव द्या, असा त्याचा रोख होता. कागदावर म्हटले होते की विद्यापीठात फी घ्या आणि वाचलेला पैसा प्राथमिक शाळेला द्या. प्रत्यक्षात फी पहिलीच्या वर्गापर्यंत येऊन पोचली. टांझानियात १९८० च्या दशकाच्या मध्यात प्राथमिक शाळेची वर्गणी परत सुरू झाली. केनियात १९८८ नंतर ‘खर्चात वाटा’ हे अधिकृत धोरण झाले. युनिसेफने १९८७ मध्येच इशारा दिला होता की या समायोजनाचा मार मुलांवर आणि गरिबांवर पडतो आहे. तो ऐकला गेला नाही. नव्वदच्या दशकात टांझानियाचा पट घसरून ७५ ते ८० टक्क्यांच्या घरात आला. एका पिढीने कमावलेले पुढच्या पिढीने गमावले. तिथे ना युद्ध झाले होते, ना महापूर आला होता. एक करार झाला होता.

‘फी’ हा शब्द फार छोटा आहे

वस्तीत काम करणाऱ्या कुठल्याही कार्यकर्तीला हे माहीत असते की शाळेचा खर्च पावतीवर कधीच पुरा दिसत नाही. फी असते, मग गणवेश, वह्या, परीक्षेचे पैसे, इमारत निधी, बाकासाठी वर्गणी. पूर्व आफ्रिकेतही हेच होते. केनियात स्वातंत्र्यानंतर ‘हरांबे’ म्हणजे ‘सगळे मिळून ओढू या’ ही परंपरा मोठी झाली. लोकांनी वर्गणी आणि श्रमदान देऊन शाळा उभ्या केल्या. चांगली गोष्ट. पण शासनाने अंग काढून घेतल्यावर तीच परंपरा सक्तीची वसुली झाली. वर्गणी दिली नाही तर मूल घरी परत.

हा पैसा येतो कुठून? बाई भाजी विकते, पहाटे उठून मंदाझी तळते, घरात दारू गाळून विकते, दुसऱ्याच्या शेतात राबते. समायोजनाच्या अटींमुळे धान्याचे अनुदान गेले, दवाखान्यात फी आली, नवऱ्याची सरकारी किंवा कारखान्यातली नोकरी गेली. या सगळ्याची भरपाई करायला बाईचा दिवस मात्र चोवीस तासांचाच राहिला. मग तिच्या हाताखाली दुसरे हात लागतात आणि ते हात मुलीचे असतात. पाणी आणणे, धाकट्याला सांभाळणे, आजाऱ्याजवळ बसणे ही कामे तिच्याकडे जातात. नव्वदच्या दशकात एड्सने घरे उद्ध्वस्त केली तेव्हा तर सरकारी रुग्णालयाने टाकून दिलेली शुश्रूषाही याच मुलींनी केली.

इथे सरसकट बोलून चालणार नाही. टांझानियात प्राथमिक शाळेच्या पटावर मुली आणि मुलगे या काळातही जवळजवळ बरोबरीने होते, दोघेही मिळून गळले. दरी दिसत होती ती माध्यमिकच्या वरच्या वर्गांत, जिथे फी जास्त आणि शाळा दूर. पण नियम सगळीकडे ओळखीचा आहे. पैसे दोघांना पुरत नसले की निवड करावी लागते, आणि त्या निवडीत मुलगी दुसरी येते. आईबाप दुष्ट असतात म्हणून हे होत नाही. मुलगी सासरी जाणार, तिची कमाई दुसऱ्या घराला, असा हिशेब पुरुषसत्तेने आधीच घालून दिलेला असतो. फी त्या हिशेबाला तारीख नेमून देते. दर सत्राच्या पहिल्या आठवड्याला घरात तो हिशेब नव्याने मांडला जातो.

दार उघडले तेव्हा

गरीब आईबापांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असे सांगणारे लोक आपल्याकडे पुष्कळ भेटतात. त्यांना पुढचे आकडे दाखवावेत.

मलावीने १९९४ मध्ये प्राथमिक शाळेची फी रद्द केली. १९ लाखांच्या आसपास असलेला पट वर्षभरात जवळजवळ १० लाखांनी वाढला. युगांडाने १९९७ मध्ये तेच केले. ३० लाखांचा पट ५० लाखांच्या पुढे गेला, आणि गरीब घरातल्या मुलींना त्याचा विशेष फायदा झाला. टांझानियाने २००१ मध्ये, कर्जमाफीसाठी लढणाऱ्या संघटनांच्या रेट्यानंतर, फी काढून टाकली. २००० मध्ये सुमारे ४४ लाख मुले शाळेत होती, २००२ मध्ये सुमारे ६० लाख झाली. केनियात जानेवारी २००३ मध्ये फी गेली आणि काही आठवड्यांत सुमारे १३ लाख जास्तीची मुले शाळेच्या दारात उभी राहिली. २००४ मध्ये एल्डोरेटजवळच्या शाळेत किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे आजोबा गणवेश घालून पहिलीत बसले, ही बातमी तेव्हा जगभर छापून आली होती.

ही लाखो मुले फी जाण्याची वाट पाहत होती. अडसर मनात नव्हता, खिशात होता.

अमेरिकेच्या काँग्रेसने २००० मध्ये कायदा करून आपल्या प्रतिनिधींना सांगितले की प्राथमिक शिक्षण आणि आरोग्यावर फी लादणाऱ्या कर्जांना विरोध करा. पुढे जागतिक बँकही युनिसेफबरोबर फी हटवण्याच्या मोहिमेत सामील झाली. ज्यांनी फी आणली त्यांनीच ती चूक ठरवली. पण मधल्या पंधरा वर्षांत ज्या मुली शाळेबाहेर राहिल्या, त्यांची पंधरा वर्षे कोणत्या बँकेने परत केली?

वर्ग भरले, शिक्षक नेमायचे नाहीत

फी गेली आणि गोष्ट संपली असे झाले नाही. मुले आली तर शिक्षक हवेत, आणि शिक्षकांना पगार लागतो. इथे नाणेनिधीची दुसरी अट आडवी आली: सरकारी पगारावरचा एकूण खर्च अमुक मर्यादेबाहेर जाऊ द्यायचा नाही. झांबियात २००४ मध्ये सुमारे ९ हजार प्रशिक्षित शिक्षक घरी बसून होते आणि खेड्यातल्या शाळांत शिक्षक नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच देशात, एकाच वेळी! पगाराच्या मर्यादेमुळे सरकार त्यांना नेमू शकत नव्हते. केनियात १९९८ पासून शिक्षकांची नवी पदे गोठवली होती, आणि २००३ मध्ये मुलांची लाट येऊन आदळली ती याच गोठलेल्या पदांवर. मलावीने घाईने सुमारे २० हजार अप्रशिक्षित शिक्षक उभे केले. पहिलीच्या वर्गात शंभरावर मुले, झाडाखाली वर्ग, एका पुस्तकावर चार डोकी.

आता या साखळीकडे नीट बघा. आधी फी लावून मुले घालवली. फी काढल्यावर मुले आली तर शिक्षक नेमू दिले नाहीत. मग वर्ग कोंदटले, शिकणे खालावले. आणि मग तेच तज्ज्ञ म्हणू लागले, पाहा, सरकारी शाळा कशा नापास झाल्या आहेत! एखाद्याचे पाय बांधायचे आणि शर्यतीत हरला म्हणून त्याला लंगडा ठरवायचे, असला हा न्याय.

खड्ड्यात बाजार उतरला

शासनाने सोडलेल्या या खड्ड्यात बाजार उतरला. २००९ मध्ये नैरोबीच्या मुकुरू झोपडपट्टीत ब्रिज इंटरनॅशनल अकॅडमीज या अमेरिकन माणसांनी काढलेल्या कंपनीची पहिली शाळा उघडली. महिना ६ डॉलरच्या आसपास फी, पत्र्याची इमारत, शिक्षकाच्या हातात टॅबलेट. धडा दूर कुठेतरी लिहिलेला. शिक्षकाने तो पडद्यावर बघून शब्दशः वाचायचा. फळ्यावर कधी लिहायचे, मुलांना कधी प्रश्न विचारायचा, हेसुद्धा पडद्यावर. या कंपनीत गेट्स, झुकरबर्ग यांच्यासारख्या धनाढ्यांचा पैसा होता, पिअर्सन या पाठ्यपुस्तकांच्या बड्या कंपनीचा होता आणि जागतिक बँक समूहातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचाही होता. शाळा शेकड्यांनी वाढल्या. युगांडा, नायजेरिया, लायबेरिया आणि आपल्या आंध्र प्रदेशापर्यंत त्या पोचल्या.

महिना ६ डॉलर कोणाला स्वस्त? जिला तीन मुले आहेत आणि जी दिवसाच्या मजुरीवर जगते, तिला तिन्ही मुलांची फी, जेवण, गणवेश धरून हा आकडा पेलत नाही. मग तीन मुलांतून कोण शाळेत जाणार, हा जुनाच प्रश्न नव्या पावतीवर परत येतो.

२०१६ मध्ये लायबेरियाच्या सरकारने याहून पुढचे पाऊल टाकले. यादवी युद्ध आणि इबोला यांनी मोडून पडलेल्या त्या देशाने प्राथमिक शाळा बाहेरच्या संस्थांना चालवायला देण्याचे ठरवले. शिक्षण हक्कासाठीचे संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे विशेष प्रतिवेदक किशोर सिंह यांनी याला उघड विरोध केला. तरी ९३ शाळांपासून प्रयोग सुरू झालाच. पहिल्या वर्षाच्या पाहणीत मुलांच्या वाचन-गणितात काही सुधारणा दिसली, हे मान्य केले पाहिजे. पण प्रत्येक मुलामागे खर्च कितीतरी जास्त होता. ब्रिजने गर्दीच्या वर्गांतून मुले कमी केली आणि जुने शिक्षक मोठ्या संख्येने बदलले. त्या मुलांचे आणि शिक्षकांचे काय करायचे ते सरकारने बघायचे. तीन वर्षांनंतरच्या पाहणीत शाळा सोडण्याचे प्रमाण वाढलेले दिसले.

याच प्रयोगातली एक संस्था होती मोअर दॅन मी. मुलींच्या शिक्षणासाठी म्हणूनच ती निघाली होती, अमेरिकेत तिला मोठमोठी बक्षिसे मिळाली होती. संस्थेतल्याच एका जबाबदार माणसाने शाळेतल्या अनेक मुलींवर बलात्कार केल्याचे २०१८ मध्ये अमेरिकेतल्या प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने तपशिलाने उघड केले. ब्रिजच्या केनियातल्या शाळांबाबतही मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींची चौकशी झाली. वित्त महामंडळाने या धोक्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असा त्या चौकशीचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आहे.

लैंगिक अत्याचार सरकारी शाळेतही होतात, हे आपण जाणतोच. आपल्यापैकी किती जणी अशा प्रकरणांसाठी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढल्या आहेत. फरक उत्तरदायित्वाचा आहे. सरकारी शाळेसाठी पंचायतीत, विधानसभेत, कोर्टात जाब विचारता येतो. ज्या कंपनीचे मालक दुसऱ्या खंडात बसतात तिला मुकुरूमधल्या आईने कुठे गाठायचे?

आणि तरीही गाठले! युगांडाच्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये ब्रिजच्या शाळा बंद करण्याचा सरकारचा आदेश उचलून धरला. केनियातल्या मानवी हक्क संघटनेने २०१८ मध्ये वित्त महामंडळाच्या तक्रार यंत्रणेकडे धाव घेतली. मार्च २०२२ मध्ये महामंडळाने ब्रिजमधला आपला हिस्सा काढून घेतला आणि नफ्यासाठी चालणाऱ्या शाळांत नवी गुंतवणूक न करण्याचे ठरवले. लढणाऱ्या माणसांनी जगातल्या बलाढ्य वित्तसंस्थेला मागे घ्यायला लावलेले हे पाऊल आहे. आपल्याकडे त्याची बातमीसुद्धा नीट झाली नाही.

तिसरे बिल: शिक्षिकेचे

शाळा स्वस्त कशी होते? इमारत, वीज, पुस्तके यांत फारशी कपात करता येत नाही. शाळेचा सर्वांत मोठा खर्च पगाराचा असतो, म्हणून स्वस्त शाळा म्हणजे स्वस्त शिक्षक. कायम शिक्षकाच्या जागी कंत्राटी, कंत्राटीच्या जागी ‘इंटर्न’, त्याच्याही जागी ‘स्वयंसेविका’. शिकवणे म्हणजे मुलांना सांभाळणे, ते तर बाईला जन्मतःच येते, त्याला पगार कशाला, हा विचार त्यामागे असतो. घरकामाला दाम नाही आणि वर्गातल्या कामाला अर्धाच दाम, दोन्हींचे मूळ एक.

केनियात २०२३ नंतर माध्यमिकच्या खालच्या वर्गांसाठी हजारो इंटर्न शिक्षक तुटपुंज्या मानधनावर नेमले गेले. काम पूर्ण शिक्षकाचे, पात्रताही शिक्षकाची, पगार मात्र शिकाऊचा. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या कामगार न्यायालयाने हे बेकायदा ठरवले. मे महिन्यात हे शिक्षक रस्त्यावर आले. जून २०२४ मध्ये तर करवाढीच्या विधेयकाविरुद्ध केनियातली तरुण पोरे-पोरी हजारोंनी उतरली. नाणेनिधीचे नाव घेऊन घोषणा दिल्या गेल्या, कित्येक जण पोलिसांच्या गोळीला बळी पडले, आणि सरकारला विधेयक मागे घ्यावे लागले.

बाजारावर टेकलेली शाळा संकटात किती टिकते तेही कोविडने दाखवले. युगांडातल्या शाळा मार्च २०२० पासून जानेवारी २०२२ पर्यंत पूर्ण किंवा अंशतः बंद राहिल्या, जगात सर्वांत लांब. फी थांबली तसे खाजगी शाळांतल्या शिक्षकांचे पगार थांबले. कित्येक शाळा पुन्हा उघडल्याच नाहीत. मधल्या काळात असंख्य मुलींना दिवस गेले, लग्ने लावली गेली.

पण बाई, सरकारी शाळा वाईटच आहेत ना?

हा आक्षेप बैठकीत हमखास येतो, आणि तो टाळून चालणार नाही. सरकारी शाळेत शिक्षक वेळेवर येत नाहीत, शिकवत नाहीत, संडासाला पाणी नसते. गरीब आई पोटाला चिमटा काढून पोराला खाजगी शाळेत घालते. तिला दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही.

पण ती आई जिला निवड म्हणतो ती करते, की पळवाट शोधते? सरकारी शाळा धड असती तर तिने उपास काढून फी भरली असती का? आणि भरतानाही कोणासाठी भरते? आपल्याच वस्त्यांत पाहा: मुलगा इंग्रजी माध्यमात, मुलगी महापालिकेच्या शाळेत. बाजार घरातली विषमता पुसत नाही, तिच्यावर शिक्का मारतो.

दुसरा आक्षेप असा की सगळा दोष वॉशिंग्टनला कसा देता? त्या देशांचे राज्यकर्ते भ्रष्ट नव्हते का? होते. डॅनियल मोई यांच्या राजवटीत केनियाची लूट झाली हे जगजाहीर आहे. पण राज्यकर्त्यांनी उचललेले कर्ज फेडायला मुलींची शाळा का विकायची? ज्यांनी त्या राज्यकर्त्यांना कर्जे दिली त्यांनी नुकसानीत वाटा का उचलला नाही?

हे सारे जुने झाले असेही समजू नये. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ मध्ये सांगितले की जगातले ३३० कोटी लोक अशा देशांत राहतात जिथे कर्जावरच्या व्याजाला शिक्षणापेक्षा किंवा आरोग्यापेक्षा जास्त पैसा जातो. आता त्या कर्जात खाजगी सावकार, रोखेधारक आणि चीनही आहेत. सावकार बदलले, वसुलीची रीत तीच राहिली.

आपल्या अंगणात

भारत २००७ पर्यंत जागतिक बँकेच्या यादीत कमी उत्पन्नाचाच देश होता. १९९१ नंतर प्राथमिक शिक्षणात बँकेचे कर्ज आले. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमात महाराष्ट्रातले लातूर, नांदेड, परभणी, उस्मानाबाद आणि औरंगाबाद हे जिल्हे पहिल्याच टप्प्यात होते. त्या कार्यक्रमातून शाळाखोल्या झाल्या, मुली पटावर आल्या, हे नाकारायचे कारण नाही. पण त्याच काळात देशभर कमी पगाराच्या शिक्षकांची रीत पडली. आपल्याकडे २००० साली शिक्षणसेवक आला. शिक्षकाला ‘सेवक’ म्हटले की पगाराला ‘मानधन’ म्हणता येते! प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला कित्येक वर्षे महिना ६ हजारांवर राबवले, ते २०२३ मध्ये १६ हजार झाले. २०२० मध्ये मंजूर झालेल्या बँकेच्या ‘स्टार्स’ प्रकल्पातही सहा राज्यांत महाराष्ट्र होता.

सप्टेंबर २०२३ मध्ये तर दोन गोष्टी एकाच महिन्यात घडल्या. शासकीय शाळा कंपन्यांना दत्तक देण्याचा शासन निर्णय निघाला, आणि वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. अशा कमी पटाच्या शाळा तेव्हा राज्यात १४ हजारांवर होत्या आणि त्यांत जवळजवळ पावणेदोन लाखांहून अधिक मुले शिकत होती. डोंगरातल्या, पाड्यावरच्या, धनगरवाड्यावरच्या या शाळा. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असे सांगितले आहे. शाळा पाच-सात किलोमीटरवर गेली तर गाडी देऊ, असे शासन म्हणते. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले, गाडी आली नाही, तर कोण घरी राहणार? मुलगा सायकल काढून जाईल. मुलीला मात्र ‘रस्ता बरा नाही’ म्हणून थांबवले जाईल.

जुलै २०२४ मध्ये शासनाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. निर्णयाचे स्वागतच आहे. पण पाड्यावरची चौथीची शाळा गेली तर अभियांत्रिकीच्या दारापर्यंत तिथली कोणती मुलगी पोचणार?

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हाच हिशेब मांडला होता. शेतकऱ्याच्या कष्टातून आलेला महसूल वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो, आणि ज्याच्या घामाचा तो पैसा त्याची मुले अडाणी राहतात, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. सर्वांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण द्या, ही त्यांची मागणी होती. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढली तेव्हा मुलीचा परतावा किती, असा हिशेब घातला नव्हता. मुलगी माणूस आहे, एवढे कारण त्यांना पुरले.

आपण काय करायचे?

मैत्रिणींनो, मुलींच्या शिक्षणाच्या बाजूने आज सगळेच बोलतात. बँक बोलते, कंपन्या बोलतात, मंत्री बोलतात. म्हणून नुसते बाजूने बोलणे पुरेसे राहिलेले नाही. पैसा कोण घालणार, हे प्रत्येक व्यासपीठावर विचारले पाहिजे. मुलगी शिकल्याने देशाचे उत्पन्न वाढते म्हणून तिला शिकवा, ही भाषा आपण वापरू नये. उद्या कोणी आकडेमोड करून दाखवली की मुलीपेक्षा रस्त्यात परतावा जास्त आहे, तर काय करणार? अपंग मुलीचा, म्हाताऱ्या बाईचा परतावा किती धरणार? शिक्षण हा हक्क आहे. हक्काला परतावा लागत नाही.

आपल्या गटांनी करायची काही कामे सुचवते. वस्तीतल्या दहा घरांत बसून शाळेचा खरा खर्च लिहून काढावा: फी, गणवेश, शिकवणी, रिक्षा, आणि आईचे व मुलीचे तास. कोण कोणत्या शाळेत जाते ते मुलगा-मुलगी असे वेगळे मांडावे. हा कागद घेऊन ग्रामसभेत जावे. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तिथे नुसत्या सहीपुरते बसू नये. कमी पटाची शाळा बंद करण्याचा प्रस्ताव आला तर मुलींच्या वाटेचा प्रश्न लेखी मांडावा. आणि कंत्राटी शिक्षिका, अंगणवाडी ताई, पोषण आहार शिजवणाऱ्या बाया यांच्या मोर्चाला ‘तो युनियनचा प्रश्न’ म्हणून लांबून पाहू नये. त्यांचा अर्धा पगार आणि आपल्या पोरींची अर्धी शाळा ही एकाच खातेवहीतली दोन पाने आहेत.

२०१९ मध्ये आबिदजान इथे जगभरच्या हक्कतज्ज्ञांनी एकत्र येऊन तत्त्वे मान्य केली: मोफत, दर्जेदार, सार्वजनिक शिक्षण देणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि खाजगी शाळा असल्याने ते टळत नाही. टांझानियाच्या बायांनी, केनियाच्या शिक्षकांनी, युगांडाच्या वकिलांनी आपापल्या जागी हेच सांगितले आणि काही वेळा जिंकूनही दाखवले. मुकुरू आणि मानखुर्द यांच्यामध्ये समुद्र आहे, पण फीची पावती दोन्हीकडे बाईच्याच कमरेच्या पिशवीतून निघते. ती पावती आता शासनाच्या टेबलावर ठेवू या.